चार वाजताचा एक

कड्यावरची वाट बंद होऊन अठरा दिवस झाले होते. कपारींत समुद्रपक्षी अंडी उबवत होते, त्यांना माणसांचा गलका नको होता. म्हणून तिनं बनवलेलं अ‍ॅप येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला गोड शब्दांत सांगत होतं, इथं सध्या नको, पलीकडच्या टेकडीवर जा, तिथं आज गर्दी कमी आहे. आणि नवल म्हणजे लोक ऐकत होते. वाटेच्या तोंडाशी तिनं स्वतः उभं राहून एक खांब पुरून घेतला होता. त्याच्यासमोरून कुणी वर गेलं, की तिच्या पडद्यावर आकडा उमटायचा. सलग दहा दिवस शून्य आलं, की अ‍ॅप साऱ्या किनाऱ्यासाठी मंजूर होणार होतं. तीन वर्षांचं काम त्या शून्यापाशी येऊन अडलं होतं.

कारण रोज दुपारी चारच्या ठोक्याला पडद्यावर यायचा, एक.

"कोण हा शहाणा?" साहेब वैतागले. "दुधात मिठाचा खडा नुसता! फाटक बसवा, कुलूप ठोका."

"आधी मी बघून येते," ती म्हणाली.

कोण, ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वाटेच्या पायथ्याशी एकच घर होतं आणि त्या घरात एकच माणूस. तिचे बाबा. चाळीस वर्षं त्यांनी परक्या लोकांना हात धरधरून कड्यावर नेलं होतं. दोन वर्षांमागे आई गेली, आता माणसंही थांबली. वाटेला पाऊल नाही, पावलाला सोबत नाही. सवय सुटत नसेल, तिनं मनाशी म्हटलं.

ती पोचली तेव्हा बाबा पायरीवर बसून बूट घालत होते. अंगात इस्त्रीचा सदरा, केस पाणी लावून बसवलेले.

"चिमणे! अगं, सांगून तरी यायचंस."

"कुठं निघालात एवढे नटून?"

"इथंच."

ती मागोमाग चालली. शंभरेक पावलांवर खांब होता. बाबांनी कॉलर सारखी केली, फोटोला उभं राहावं तशी मान ताठ केली, सावकाश खांबासमोरून गेले आणि चार पावलांवरून माघारी वळले.

"झालं. चल, चहा टाकतो."

"वर नाही जात?"

"वर? पाखरं अंड्यांवर बसलीत. तेवढी अक्कल आहे हो आम्हाला."

"मग इथवर तरी कशाला येता?"

बाबा खांबावरची धूळ तळव्यानं पुसू लागले. "हा पुरला तेव्हा तूच म्हणालीस ना, इथून कुणी गेलं की तुला तिकडं दिसतं. म्हटलं, रोज एकदा दिसावं."

"अहो, मग फोन करायचा!"

"फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस. ह्याची कधी मीटिंग नसते."

जे सांगायला आली होती ते चहाचा दुसरा कप संपेपर्यंत तिच्या ओठांवर येईना. शेवटी बशीकडे बघत म्हणाली, "बाबा, त्या एकामुळे माझं काम अडलंय."

"अरेच्चा!" बाबांनी कपाळावर हात मारला. "मी आपला हौसेनं जातोय, आणि काटा तुझ्याच पायात. उद्यापासून नाही जाणार." इतक्या चटकन म्हणाले, की तिला रडू आलं.

"मी करीन फोन. रोज चारला."

"कर. जमलं तर."

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे सगळे डोळे लावून बसले होते. चार वाजले. चार वाजून एक मिनिट. शून्य.

"टळला एकदाचा!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. सगळे हसले. ती त्या शून्याकडे बघत राहिली. अठरा दिवस जे मागितलं होतं ते समोर होतं, आणि घासूनपुसून ठेवलेल्या रिकाम्या वाटीसारखं दिसत होतं.

साहेब पुढचा मुद्दा वाचू लागले. तिनं खुर्चीवर बसल्या बसल्याच फोन लावला. पहिली घंटी पुरी वाजलीसुद्धा नाही.

"संपली का गं मीटिंग?" बाबांनी विचारलं.

साहेब वाचायचे थांबले. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"नाही," ती म्हणाली. "चालू आहे. तुम्ही बोला."