वरवंट्याच्या जागी मी

मी इस्त्री बोलतेय. विजेची, वाफ सोडणारी नव्हे. चुलीवर तापवायची, भरीव लोखंडाची. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरात, रोटोटुना भागात, ब्रेंडनच्या गॅरेजचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवायचे. उतारवयात एवढं काम पुरे.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते आठवत नाही. आठवते ती होनोरा, आयर्लंडची सतरा वर्षांची पोर. कुणाच्या तरी वाळत घातलेल्या दोन चादरी तिने उचलल्या आणि सात वर्षांचं काळं पाणी भोगायला टास्मानियाला आली. तिथल्या बायकांच्या तुरुंगात, धुण्याच्या खोलीत, आमची गाठ पडली. साहेबाच्या कॉलरी कडक करता करता ती साहेबाला आयरिश भाषेत शिव्या घालायची. मी तापलेय का ते बघायला माझ्यावर थुंकायचीसुद्धा. मला राग यायचा नाही. माझ्याशिवाय तिचं चालायचं तरी कुणावर?

शिक्षा संपली तशी तिने न्यूझीलंडचं जहाज धरलं आणि निघताना मला परकराच्या घोळात लपवलं. सुटकेच्या दिवशीच दुसरी चोरी! जित्याची खोड, दुसरं काय.

ऑकलंडला लोकांचे कपडे इस्त्री करून तिने चार पोरं वाढवली. पोरांना मात्र सांगितलं, की मी कप्तानाच्या बायकोची सोबतीण म्हणून आले. नावही बदलून मेरी केलं. पुढच्या पिढीने त्या सोबतिणीची कप्तानाची भाची केली, त्याच्या पुढच्या पिढीने मुलगी. पूर्वजांना बढती द्यायची माणसांना भारी हौस! पण त्या गडबडीत माझी होनोरा कुठेच उरली नाही, आणि याचं मला फार दुःख होतं.

गेल्या रविवारी ब्रेंडनच्या, म्हणजे होनोराच्याच वंशजाच्या, मुलीचं बारसं झालं. त्याची बायको इरावती फार्मसिस्ट; तिची आई स्नेहलताबाई त्यासाठी पुण्याहून आलेल्या. बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचं असतं. वरवंटा काही विमानाच्या वजनात बसला नव्हता. चकल्या बसल्या होत्या. बाई काहीतरी जड शोधत गॅरेजपर्यंत आल्या, मला उचललं आणि नळाखाली घासायला घेतलं.

"इरू, हिच्यावर हा बाण कसला गं?"

इरावतीने ब्रेंडनकडे पाहिलं. ब्रेंडनची बहीण मोइरा, म्हणजे नाव ठेवणारी आत्या, हिने नुकत्याच जुन्या नोंदी शोधून सगळं बाहेर काढलं होतं. "आईंना सांगू नकोस," असं ब्रेंडनने तिला बजावलं होतं, कारण बाईंनी अख्ख्या कर्वेनगरला कप्तानाचं घराणं सांगून ठेवलं होतं. पण मोइराला खोटं बोलवेना. ती इंग्रजीत सांगत गेली आणि इरावती खाली मान घालून मराठीत.

"आई, हा सरकारी शिक्का आहे. तुरुंगातला. यांची ती पूर्वज कप्तानाची कुणी नव्हती. कन्व्हिक्ट होती. होनोरा नाव तिचं."

"काय चोरलं?"

"दोन चादरी."

"वय?"

"सतरा."

बाई मला मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. झालं, मी मनात म्हटलं. आता मी पुन्हा गॅरेजात, आणि आत्ता कुठे निघालेलं तिचं नाव पुन्हा कायमचं बंद.

"तुझे पणजोबा," बाई सावकाश म्हणाल्या, "स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले नव्हते. जत्रेत कुस्तीच्या पंचाचं डोकं फोडलं म्हणून गेले."

"आई! मी शाळेत त्यांच्यावर भाषण केलंय! बक्षीस मिळालंय मला!"

"मग मी काय स्टेजवर येऊन सांगायला हवं होतं?"

इरावतीकडून ब्रेंडनला अर्थ कळायला अर्धं मिनिट लागलं. मग तो इतका हसला की बाळ जागं झालं. "स्वीट ॲज, आई!" म्हणजे इकडच्या बोलीत एकदम झकास.

मला कोरडं पुसून टोपडं घातलं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत मी पाळण्याखालून मोइराच्या हातात गेले. मग बाळाला पाळण्यात घातलं. मोइरा त्याच्या कानात नाव सांगायला वाकली, तशा इरावतीच्या मैत्रिणी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या.

"थांबा गं," बाई म्हणाल्या. "मोइरा, मैत्रेयी तर ठेवायचंच आहे. पण आधी त्या चादरीवालीचं सांग. आणि कानात नको, मोठ्याने."

इरावतीने ते इंग्रजीत सांगितलं, आणि मोइराने होनोराचं नाव मोठ्याने घेतलं. पावणेदोनशे वर्षांनी आपल्याच माणसांनी तिला हाक मारली, आणि ती ऐकायला मी होते.

आता मी बाळाच्या खोलीत, खिडकीत असते. वाचकहो, एकच मागणं. उद्या ही पोर विचारेल तेव्हा होनोराला शूर राणी वगैरे करून टाकू नका. होती तशीच सांगा, नावानिशी.