सोमनाथ घर दाखवतो

सोमनाथ जेजुरकरने आयुष्यात कधी काही विकलं नव्हतं. त्याचे वडील गोटीराम यांचा जन्म मखमलाबादच्या मळ्यातली भाजी अन् झेंडू विकण्यात गेला. पण सोमनाथ अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. तयार झालेला माल हातात घ्यायचा, मोजायचा, त्यात खोट शोधायची आणि सापडली की लाल खडूने फुली मारून बाजूला ठेवायचा. हे काम तो चौदा वर्षं करत होता आणि मन लावून करत होता. तरीही दोन हजार चारच्या जानेवारीत घर विकायचं ठरलं, तेव्हा त्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "एजंट-बिजंट काही नको. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते माझ्यावर सोड."

पूजाने तेव्हा होकार दिला. ती आपली चूक होती, असं ती पुढे बरेच दिवस सांगत असे.

घर मखमलाबाद रोडला होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. गोटीरामने एक्क्याऐंशी साली स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. आता गोटीराम आणि आई थोरल्या भावाकडे, समाधानकडे, दिंडोरीला राहत होते आणि घर सोमनाथच्या नावावर होतं. त्या दोन खोल्यांत पहिलीतली सृष्टी, तीन वर्षांचा राज, पूजाचं फॉल-पिकोचं मशीन, लोकांच्या साड्यांचे गठ्ठे आणि उरलेल्या जागेत सोमनाथ असे राहत. शिवाय रोज सगळं शहर ओलांडून अंबडला जायचं. पाथर्डी फाट्याला, कंपनीपासून दहा मिनिटांवर, दोन बेडरूमचा फ्लॅट बघून ठेवला होता.

वडिलांना कसं सांगायचं याची सोमनाथने तीन दिवस मनातल्या मनात तयारी केली. म्हाताऱ्याचा आवाज कापेल, आपण धीर द्यायचा, असं सगळं ठरवून त्याने फोन लावला.

"अण्णा, घर विकायचं म्हणतोय."

"कंचं?"

"आपलं. मखमलाबाद रोडचं."

"मंग इक की," गोटीराम म्हणाला. "आन द्राक्षं लागल्यात, पोरान्ला घेऊन ये. सगळी व्यापारी नेल्यावर येशील न् मंग म्हनशील, ऱ्हायली नाय."

धीर द्यायचा तसाच राहून गेला. सोमनाथला थोडा रागच आला.

पेपरात छोटी जाहिरात दिली आणि दर रविवारी लोक घर बघायला येऊ लागले. लहान मुलांच्या घरात दर रविवारी नीटनेटकं राहायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. फाटकाशी गाडी थांबली की सोमनाथ "आले, आले!" असं ओरडायचा आणि जमिनीवर जे काही असेल ते सगळं दिवाणाच्या खणात जायचं. ठोकळे, ओल्या चड्ड्या, रंगपेटी, अर्धवट पिको झालेल्या साड्या. एकदा सृष्टीचा डबाही आत गेला, त्यात अर्धी चपाती आणि वांग्याची भाजी होती. चार दिवस सगळे जण उंदीर मेला म्हणून घर हुंगत होते. पाचव्या दिवशी डबा सापडला. तो धुवायची हिंमत कुणाला झाली नाही.

भिंतींचं तर विचारूच नका. राजला नुकताच गोल काढता येऊ लागला होता आणि तो कलाकार उदार हाताचा होता. सोमनाथने हॉलची भिंत रंगवून घेतली, रंग वाळायच्या आत राजने तिच्यावर खिळ्याने चार गोल काढले आणि ओळीने सांगितलं, "आई. दीदी. मी. बस."

"आणि मी?" सोमनाथने विचारलं.

"तू कंपनीत," राज म्हणाला.

पण घर विकलं जात नव्हतं ते पोरांमुळे, अशी सोमनाथची ठाम समजूत होती. येणारा माणूस हे गोल बघतो आणि बिचकतो, असं तो पूजाला समजावून सांगे. पहिले आले ते एक बँकेतले गृहस्थ आणि त्यांची बायको. दोघं खुशीत होते. सोमनाथने त्यांना बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीशी नेलं, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, "इथे पावसाळ्यात ओल येते. पण साडेतीन फुटांच्या वर नाही. मी मोजली आहे." बाई मागे सरकल्या. नंतर एक निवृत्त मास्तर आले. त्यांना गच्ची फार आवडली. सोमनाथने त्यांना जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा पाऊण इंच उंच असल्याचं दाखवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शंका दिसली म्हणून आतून टेप आणून मोजून दाखवलं. मास्तर वर चढले होते त्याच्या दुप्पट वेळ लावून खाली उतरले आणि पुन्हा फिरकले नाहीत. तिसऱ्यांना त्याने ड्रेनेजचं झाकण उघडून दाखवलं. तेही त्यांनी न विचारता.

"इतका स्वच्छ व्यवहार करतोय आपण," तो रात्री जेवताना म्हणे, "आणि लोकांना कदर नाही."

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सोमनाथ संध्याकाळी कंपनीतून आला तर हॉलमध्ये पोरांचा खेळ रंगात आला होता. सृष्टी पूजाची पर्स खांद्याला लावून, मान वाकडी करून फिरत होती. राज सोमनाथची जुनी चप्पल घालून तिच्या पुढे फटक-फटक चालत होता.

"किचन छान आहे हो," सृष्टी म्हणाली.

राजने भिंतीवर थाप मारली. "ओल येते," तो गंभीरपणे म्हणाला.

"आणि जिना?"

"पडतो," राज म्हणाला. "या, गटार बघा."

सोमनाथ दारातच उभा राहिला. पोराने हात मागे बांधले होते, अगदी त्याच्यासारखे. मान हलवायची लकबही तीच. स्वयंपाकघराच्या दारात पूजा पदर तोंडाशी धरून उभी होती, तिचे खांदे हलत होते. आपण चौदा वर्षं जे कंपनीत करत आलो तेच इथे करतोय, हे त्या क्षणी सोमनाथच्या लख्ख लक्षात आलं. फक्त लाल खडू तेवढा हातात नव्हता.

"मी असा बोलतो?" त्याने विचारलं.

"छे," पूजा म्हणाली. "तुम्ही याच्यापेक्षा सविस्तर बोलता." मग हसू आवरून तिने हुकूम सोडला, "या रविवारी एक बाई यायच्यात. तुम्ही घरात थांबायचं नाही. पोरांना घेऊन दिंडोरीला जा."

"अगं, पण कागदपत्रांचं काही विचारलं तर?"

"मला वाचता येतं."

रविवारी सकाळी सोमनाथ निघाला. राज स्कूटरवर पुढे उभा, सृष्टी मागे कंबरेला घट्ट धरून. एकट्याने दोन पोरं दिवसभर सांभाळायची त्याची ही पहिलीच वेळ होती, पण अवघड ते काय, असा त्याचा हिशेब होता. म्हसरूळ जायच्या आत राजला शू लागली. ती झाल्यावर सृष्टीला तहान लागली. ढकांब्याच्या पुढे राजला पुन्हा लागली, आणि या वेळी त्याने आधी सांगितलं नाही.

बागेत पोहोचल्यावर राजने किती द्राक्षं खाल्ली ते कुणी मोजलं नाही. त्याचा परिणाम मात्र दुपारी सगळ्या वस्तीने पाहिला. पोटापाठोपाठ कपडे गेले. बरोबर आणलेले दोन जोड संपल्यावर आजीने त्याला समाधानचा बनियन घातला, तो घोट्यापर्यंत आला. सृष्टी चुलत भावांबरोबर ट्रॅक्टरवर चढली आणि उतरायला तयार होईना. सोमनाथ एकाला धुवावं तर दुसरी दिसेनाशी, दुसरीला शोधावं तर पहिला चिखलात, असा दुपारभर पळत होता. गोटीराम बाजेवर बसून हे सगळं बघत होता.

"रोज कोन करतं रं हे?" त्याने शेवटी विचारलं.

"पूजा."

"आन मशीन कवा चालिवती?"

 या प्रश्नाचा सोमनाथने आजवर कधी विचारच केला नव्हता, याची त्याला बापासमोर लाज वाटली.

परत निघताना राज उभ्या-उभ्या झोपायला लागला, म्हणून गोटीरामच्या उपरण्याने त्याला पोटाशी बांधला. पाच किलोमीटर आल्यावर सृष्टीने सांगितलं की तिची एक सँडल ट्रॅक्टरवर राहिली आहे. आधी सोमनाथ नाही म्हणाला. मग तिचं रडणं ऐकून मागे फिरला. घरी पोहोचला तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. शर्ट द्राक्षांनी चिकट, केसांत धूळ, पोटाला बनियनमधलं पोर बांधलेलं. पूजा ओट्यापाशी शांतपणे चहा पीत होती.

"ठरलं," ती म्हणाली.

"काय ठरलं?"

"घर. सगुणाबाई म्हणून आहेत, गंगापूरकडच्या. त्यांच्या मुलाला इथून भाजीबाजार जवळ पडतो. पुढच्या आठवड्यात विसार देतायत."

सोमनाथ खुर्चीत बसला. "ओलीचं सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं. म्हटलं येते, पावसाळ्यात कपाट वीतभर पुढे ओढायचं. त्या म्हणाल्या, आमच्याकडं तर भिंतीतून झरा वाहतो."

"आणि भिंतीवरचे गोल?"

"ते बघून त्यांनी विचारलं, पोरं किती आहेत? म्हटलं दोन. म्हणाल्या, आमची तीन हायेत, जागा पुरंल ना भिंतीवर?" पूजाने कप विसळला. "चाळीस मिनिटं लागली सगळी मिळून. नंतर मी झोपले थोडा वेळ."

मे महिन्याच्या सुट्टीत सामान हलवायचं होतं. त्याआधी पोरांच्या मनाची तयारी करायला हवी, असं सोमनाथने कुठल्याशा पुरवणीत वाचलं होतं. त्याने दोघांना गच्चीवर नेऊन समोर बसवलं. घर म्हणजे नुसत्या भिंती नसतात, आठवणी आपल्याबरोबर येतात, रडू आलं तर रडायचं, असं बरंच काही तो बोलला. सृष्टीने ते लक्ष देऊन ऐकलं.

"बाबा, तिकडे लिफ्ट आहे ना?"

"आहे."

"मग चालेल," ती म्हणाली आणि दोघं खाली पळाली. गच्चीवर सोमनाथ एकटाच राहिला. ज्याच्या मनाची तयारी व्हायला हवी होती तो बहुधा तोच असावा, कारण टेम्पो भरून झाल्यावर पूजाला त्याला शोधत वर यावं लागलं. टाकीचा नळ तपासतोय, असं तो म्हणाला. नळ बंद होता आणि डोळे लाल होते.

पाथर्डी फाट्याला आल्यावर सगळं बरं चाललं होतं. जूनचा दुसरा आठवडा. कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. दिवसभर डोकं उठलेलं. सोमनाथ सुटला, स्कूटर काढली, मुंबई नाका, रविवार कारंजा, पूल, सगळं ओलांडत आला, फाटक ढकललं, ओट्यावर बूट काढले आणि आत शिरता शिरता ओरडला, "पूजा, पाणी दे गं!"

हॉलभर मेथी पसरली होती. तिच्या मधोमध एक साठीच्या बाई पाय पसरून जुड्या बांधत होत्या. त्या सगुणाबाई.

सोमनाथ उंबऱ्यातच थबकला. "ते... टाकीचा कॉक उलटा फिरतो," तो कसाबसा म्हणाला. "सांगायचं राहिलं होतं."

"उलटाच फिरतोय," सगुणाबाई म्हणाल्या. "पयल्याच दिवशी कळलं. बसा. पाणी देते."

पाणी आलं, पाठोपाठ चहा ठेवल्याचा आवाज आला. रिकामं बसवेना म्हणून सोमनाथने समोरची मेथी ओढली आणि जुड्या बांधायला लागला. मुळं सारखी करायची, एक पीळ, एक गाठ. पंचवीस वर्षांत त्याने हे केलं नव्हतं, तरी बोटांना सगळं आठवत होतं. सगुणाबाईंनी कप ठेवताना एक जुडी उचलून पाहिली.

"हात बसल्याला हाय तुमचा. कुनी शिकिवलं?"

"अण्णांनी. जन्मभर भाजी विकली त्यांनी."

"मंग बराबर," त्या म्हणाल्या. तो चुकून आला असं त्या एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. तो निघाला तेव्हा त्यांनी चार जुड्या पिशवीत घालून दिल्या.

नव्या घरी पोहोचायला आठ वाजले. पूजाने पिशवीत डोकावून विचारलं, "मेथी कुठून आणली?"

"नाक्यावरून. ताजी दिसली."

"बरं." तिने मेथी निवडायला घेतली. दोन-चार काड्या मोडल्यावर म्हणाली, "सगुणाबाईंचा फोन आला होता. पोचले का, म्हणून विचारत होत्या."

सोमनाथने कपाळाला हात लावला. मग त्यालाच आधी हसू फुटलं. हसता हसता त्याने सगळं सांगितलं, पाणी मागितल्यापासून कॉकपर्यंत. पूजा इतकी हसली की तिला ठसका लागला. राज काही न कळता टाळ्या वाजवू लागला.

"हसतेस काय," सोमनाथ म्हणाला.

"हसत नाही हो," पूजा डोळे पुसत म्हणाली. "काल त्या पिठाच्या गिरणीवाल्याने पत्ता विचारला. मी आपलं ठणकावून सांगितलं, मखमलाबाद रोड, जेजुरकरांचं घर. तो म्हणाला, ताई, तिथून इथवर दळण आणता रोज?"

सोमनाथ तिच्याजवळ खाली बसला आणि मेथी निवडू लागला.