डबीची जागा

दोन हजार तेरा सालच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास, मी एका बसक्या लाल गाडीत उताणी पडले होते. डोकं खाली पेडलांपाशी, कंबर सीटच्या कडेवर, पाय गाडीबाहेर. वय एकसष्ट. हातात ड्रिल मशीन, आणि इरकलीच्या निऱ्या पोटऱ्यांत घट्ट आवळून धरलेल्या, कारण बाहेर तीन पुरुष उभे होते. त्यांतले एक आमचे हे. भोक कुठं पाडायचं ते मला सांगत होते.

गाडी कुठल्या कंपनीची नव्हती. सोलापुरात अक्कलकोट रोडला लेथचा छोटा कारखाना चालवणाऱ्या गुफरानने ती स्वतः बांधली होती. लोखंडी पाइपांचा सांगाडा त्याने आपल्या हाताने वेल्डिंग केला, वरचं फायबरचं अंग कोइमतूरहून सुट्या भागांत ट्रकने आलं, इंजिन भंगारातल्या एका गाडीचं. चार वर्षं तो त्यात गुंतला होता. त्याची अम्मी म्हणायची, एवढ्या वेळात घरात सून आली असती. आता एकच काम उरलं होतं. प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारी ॲल्युमिनियमची एक डबी असते, तळहाताएवढी. इग्निशन कंट्रोल बॉक्स हे तिचं पूर्ण नाव, गॅरेजात सगळे डबीच म्हणतात. इंजिनाची धग, पाणी आणि हादरे यांपासून ती लांब ठेवावी लागते. तिची जागा ठरवून ती बसवायची आणि वायरी जोडायच्या, एवढंच. पण त्यासाठी गुफरानला तिप्पण्णा मिस्त्रीच पाहिजे होते.

तिप्पण्णा मिस्त्री म्हणजे आमचे हे. भवानी पेठेत चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक दार. ट्रकचे सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, डायनामो, वायरिंग. यांची बोटं डोळ्यांच्या आधी दोष ओळखायची. अंधारात वायर चाचपून रंग सांगतात अशी ख्याती होती, त्यात थोडी भर लोकांनी घातलेली.

दोन हजार नऊ साली यांचा उजवा हात थरथरायला लागला, मग डावा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हा आजार मागे फिरत नाही, हेही सांगितलं. यांनी आधी दुकानातला कामगार काढून टाकला, त्याला दिसेल म्हणून. पुढच्या आठवड्यात एक सेल्फ मधल्या दारातून आत आला. लग्न झाल्यापासून मी यांच्या कामाशेजारी बसून भाज्या निवडल्या होत्या. काम डोळ्यांत बसलं होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो सेल्फ मी उघडला.

मग तसंच चालू राहिलं. गिऱ्हाईक आलं की हे हात मांडीखाली दाबून बोलत बसायचे, दोष काय तो बरोबर ओळखायचे आणि "सांजच्याला या" म्हणायचे. गिऱ्हाईक वळलं की वस्तू आत. माझं काही अडलं तर मी बशीवर कप वाजवायची. हे चहाच्या निमित्ताने उठून यायचे, कानाशी दोन शब्द सांगून जायचे. सोल्डरचा वास शेजारी गेला आणि पलीकडच्या पार्वतम्माने विचारलं, काय जळलं गं, तर मी दूध उतू गेलं म्हणायची. तिला वाटायचं, मला दूध तापवायचीसुद्धा अक्कल नाही.

हे बाहेर कळलं असतं तर गिऱ्हाईक तुटलं असतं, पण त्याची मला एवढी भीती नव्हती. मिस्त्री ही हाक बंद झाली तर हा माणूस किती दिवस टिकेल, ही भीती होती. म्हणून चार वर्षांत मी कुणाच्या बारशाला गेले नाही की माहेरी दोन रात्री राहिले नाही. संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा चालत जाण्याइतकी जवळ भरते, तिथंही नाही. तिथून आणलेले चिरमुरे लोक घरी आणून द्यायचे तेवढंच.

गाडी काही ओट्यावर येणार नव्हती. हे गुफरानला दोनदा नाही म्हणाले. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा शेजारचा टायरवाला संगप्पा दुकानात बसला होता.

"गुफरानभाई, तुमी पुण्याचा माणूस बोलवा की," संगप्पा म्हणाला. "मिस्त्री आता दुकान सोडून कुटं जात न्हाईत. बायको सोडंना झालीय."

यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, गुरुवारी येतो.

मी जेवणाचा डबा घेऊन सोबत निघाले. काय सांगायचं ते आम्ही रिक्षातच ठरवलं होतं. गुफरानच्या शेडमध्ये पोचल्यावर यांनी हात स्वेटरच्या खिशात घालून गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, स्टिअरिंगच्या डावीकडची आतली भिंत डबीसाठी पसंत केली आणि म्हणाले, आमचं पोट काय ह्यात मावत नाही, ही बारीक आहे, मी सांगतो तसं ही करेल. गुफरान संकोचला. त्याचा कामगार उमर आत शिरायला तयार होता. त्याला आपले खुणेचे शब्द कळणार नाहीत, असं यांनी सांगितलं.

"मग काय चाची, आज तुमीच मिस्त्रीण," उमर म्हणाला. सगळे हसले. हेही हसले.

जागा यांनी अगदी बरोबर निवडली होती. मी ड्रिल लावलं आणि मानेवर पांढरी पूड पडली. लोखंडाचा कीस गरम असतो, टोचतो. ही पूड थंड होती, आणि मग खाजायला लागली. दोन भोकं पाडली, दोन स्क्रू आवळले, हे सांगत गेले तशा वायरी जोडल्या. गुफरानने वरून हात घालून चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. परत फिरवली, परत तेच. यांनी मला टेस्ट लॅम्प लावायला सांगितलं. क्लिप पाइपाला अडकवून मी टोक डबीच्या वायरीला टेकवलं. लॅम्प पेटला. उमरने प्लग काढून बघितला, ठिणगी नव्हती.

"करंट येतोय आन ठिणगी न्हाय," हे म्हणाले. "डबीच गेलेली हाय. दुसरी मागवा."

मला गुफरानचा चेहरा दिसत नव्हता, बूट दिसत होते. ते दोन पावलं मागे सरकले. रविवारी टेंभुर्णीच्या एका ढाब्यावर पुण्याहून चौघे जण ही गाडी बघायला येणार होते, त्याच्यासारखेच गाड्या बांधणारे. डबी परदेशातून यायची, तीन आठवडे लागायचे.

डबी गेली नव्हती. लोखंडी बॉडीवर काहीही आवळलं की स्क्रूतूनच त्याला अर्थिंग मिळते, म्हणजे करंटला परत जायची वाट. चाळीस वर्षं आम्ही ती वेगळी जोडलीच नव्हती. पण फायबरमधून करंट जात नाही. लॅम्पची क्लिप पाइपाला होती म्हणून लॅम्प पेटला, आणि डबी मात्र नुसती फायबरला चिकटलेली. हे यांना कळत नव्हतं असं नाही. भोक यांनी पाडलं असतं तर ड्रिलच्या पहिल्या फेऱ्यातच बोटांना कळलं असतं. पूड माझ्या मानेवर पडली होती.

मी खोकले, इथं वाजवायला कप-बशी नव्हती. "धूळ गेली वाटतं, बाहेर ये," हे म्हणाले. मी परत खोकले. हे वाकू शकत नव्हते, आणि वाकले असते तरी खिशातून हात काढावे लागले असते. स्टिअरिंगचा दांडा छातीवर, खाली पाइप पाठीत रुतलेला. मी बोलले तर तीन जण ऐकणार. न बोलले तर दुसरी डबी येणार, तीही चालणार नाही, मग पुण्याचा माणूस येणार आणि एका मिनिटात सांगणार की सोलापूरच्या मिस्त्रीला फायबर कळलं नाही. आणि ते संगप्पा ऐकणार.

"डबी चांगली हाय," मी म्हणाले. "तिला अर्थिंग न्हाय. बॉडी फायबरची हाय. डबीपासून पाइपाला एक वायर टाकावी लागंल."

मला सहा पाय दिसत होते. यांच्या चपलेतला अंगठा तेवढा वर-खाली होत होता.

मग गुफरान म्हणाला, "हां, चाचा मघाशी हेच म्हणाले की. मीच विसरलो. उमर, वायर आण."

"व्हय, म्हणाले की," उमर म्हणाला.

गुफरान भला माणूस. त्याला सगळं कळलं होतं. यांची लाज त्याने एका वाक्यात झाकली, आणि मी जे बोलले होते ते त्याच वाक्यात नाहीसं झालं. मी तिथंच पडून होते. वायर आत आली. "चाची, चाचांनी सांगितलंय तसं जोडा," तो हळू आवाजात म्हणाला. पाइपावरचा रंग खरवडून मी वायर आवळली. पहिल्या चावीला इंजिन लागलं. हादऱ्यांनी माझे दात वाजायला लागले तरी कुणी मला बाहेर काढेना, सगळे इंजिनाकडे धावले होते.

गुफरानने टॉवेल-टोपी आणि नारळ आणून ठेवला होता. टॉवेल यांच्या खांद्यावर घातला, टोपी डोक्यावर ठेवली. नारळ यांच्या हातात द्यायला तो पुढे झाला, खिशांकडे बघितलं आणि नारळ माझ्याकडे दिला. "धरा, चाची." मी तो पदरात घेतला.

परतताना रिक्षात हे कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत होते.

"भोक मी पाडलं असतं तर मला कळलं असतं."

"व्हय," मी म्हणाले.

"वरडून कशाला सांगायचं?"

मी ओरडले नव्हते. मान खाजवत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या दारातून एक डायनामो आत आला.

लाल गाडी त्या रविवारी टेंभुर्णीपर्यंत गेली आणि परत आली. तिचे नोंदणीचे कागद मात्र कधीच झाले नाहीत. गुफरानने पुढे कारखाना विकला, तो हैदराबादला असतो, लग्न केलं, दोन मुली आहेत. उमरचं मोडनिंबला हायवेवर स्वतःचं गॅरेज आहे. फायबरच्या बॉडीला वेगळी अर्थिंग द्यायची हे तिप्पण्णा मिस्त्रींनी शिकवलं, असं तो सगळ्यांना सांगतो. संगप्पा करोनात गेला.

आमचे हे दोन हजार अठराच्या श्रावणात गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत दुकान चालू होतं. भेटायला आलेले लोक म्हणत, सोन्याचे हात होते मिस्त्रींचे. मी मान हलवायची.

महिन्याभराने शटर अर्धं उघडून मी दुकान झाडत होते. एक शेतकरी मोटारसायकलवर ट्रॅक्टरचा सेल्फ बांधून आला. मिस्त्री कुठं आहेत, त्याने विचारलं. मी सांगितलं. पट्टी सोडता सोडता तो थांबला. मग म्हणाला, "हितं दुसरं कोण करतं का, मावशी?"

"न्हाय," मी म्हणाले.

त्याने सेल्फ पुन्हा ट्यूबच्या पट्टीने आवळला आणि गाडी वळवली. कार्बनची वायर सुटून बाहेर लोंबत होती, एका सोल्डरचं काम. मला ती दारातून दिसत होती. गल्लीच्या टोकापर्यंत दिसत होती.