अंगठाभर पुढे

मी बोलतोय खरा, पण मला बोलण्याचा अधिकार आहे का, याची अजून खात्री नाही. मी एक पितळी बटण आहे. सुभेदार नाथाजींच्या फौजी कोटाचं, वरून दुसरं. सूड घ्यायला हातपाय लागतात, ते मला नाहीत. तरीही मी सूड घेतला, असं माझं मत आहे. माझी चूकही होत असेल. आधी ऐका, मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. छातीवर एक ठसा बसला, सिंह उमटला, मागे कडी लागली, एवढंच. मग तीस वर्षं मी नाथाजींच्या कोटावर होतो. रोज सकाळी ते जुन्या दातांच्या ब्रशाने मला घासत. माणूस स्वतःचा चेहरा इतका घासत नाही.

पलटणीतून निवृत्त होऊन ते पाटणजवळच्या आपल्या गावी आले, तरी कोट सुटला नाही. गावात दोन भावांत बांधाचं भांडण लागलं, की नाथाजींना बोलावणं यायचं. ते कोट चढवून शेतावर जात, उकिडवे बसत आणि बांधावरचा दगड हलवून पाहत.

"ह्यो दगड परवापतोर हिथं न्हवता," ते म्हणत. "खालचं गवात अजून हिरवं हाय. पिवळं कुठं हाय ते दाव, तितं तुजा बांध."

"सुभेदार, अंगठाभर इकडं-तिकडं व्हतंयच की."

"मग तुजा अंगठा कापून देतोस का ह्येला? अंगठाभरच हाय न्हवं?"

लोक हसत आणि दगड मागे जाई. कोट अंगात असताना नाथाजी खोटं बोलले, असं मला एकदाही आठवत नाही. कोट नसताना काय करत असतील, ते मी कसं सांगू?

ते गेल्यावर त्यांच्या बायकोने, अंबूबाईंनी, मला कात्रीने कोटावरून सोडवलं. नातू जयराज तेव्हा गोल्फचा व्यावसायिक खेळाडू झाला होता. ऊस, ट्रॅक्टर आणि फौज सोडून त्या घरातल्या कुणी असला खेळ धरला नव्हता. अंबूबाईंनी मला त्याच्या तळहातावर ठेवलं.

"ह्यांचं कायतरी संगं असू दे बाबा. तुजा खेळ मला काय कळत न्हाई, पर ह्यांची नजर तुज्यावर राहील."

जयराजने साताऱ्याच्या एका सोनाराकडून माझी मागची कडी कापून घेतली. कापताना दुखलं, पण त्याचा राग मी धरला नाही. राग पुढे आला.

गोल्फमध्ये चेंडू भोकाजवळच्या तुळतुळीत हिरवळीवर पोचला, की खेळाडू त्याच्या मागे एखादं नाणं ठेवतो. चेंडू उचलतो, पुसतो आणि नाण्याच्या पुढे होता तिथेच परत ठेवतो. जयराजने नाण्याऐवजी मला ठेवायला सुरुवात केली. मला वाटलं, पुन्हा कामावर रुजू झालो. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं, की तो मला चेंडूच्या मागे ठेवत नाही. ठेवता ठेवता चेंडूखाली सरकवतो. आणि परत ठेवताना चेंडू माझ्यापासून अंगठाभर पुढे ठेवतो.

अंगठाभराने काय मोठं साधतं, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तसं पुष्कळ समजावलं. पण मी कुणाच्या छातीवर होतो? ज्या माणसाने आयुष्यभर लोकांचे दगड मागे सरकवले, त्याच्याच बटणाच्या आडून त्याचा नातू रोज बांध कोरत होता! त्या दिवसापासून मी एकच इच्छा धरली. याचं तोंड सगळ्यांसमोर काळं व्हावं, आणि माझ्यामुळे व्हावं.

हे माझ्याखेरीज आणखी एकाने पाहिलं होतं. आटपाडीकडचा धनाजी. त्याचं घराणं मेंढरांमागे फिरणारं. पुण्यात दुसऱ्यांच्या गोल्फच्या बॅगा वाहता वाहता तो स्वतः खेळायला शिकला आणि देशातल्या पहिल्या विसांत आला. तीन वर्षांपूर्वी एका निवड स्पर्धेत त्याने जयराजचा हात सरकताना पाहिला आणि तिथल्या तिथे सांगितलं. पुरावा नव्हता. जयराज सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "आता मेंढरं राखणाऱ्यानं मला नियम शिकवायचे व्हय?" लोकही हसले. धनाजीची मान खाली गेली. मी जयराजच्या मुठीत होतो. ती मूठ घामाने ओली होती, हे फक्त मला ठाऊक.

यंदाच्या माघात पाटणच्या वरच्या पठारावर एक निमंत्रितांची स्पर्धा झाली. देशातले निवडक सोळा व्यावसायिक खेळाडू बोलावले होते. सांगलीत विश्रामबागेत एक दानशूर मंडळ आहे, त्याचे अध्यक्ष राजवर्धन यांची ही कल्पना. बक्षीस खेळाडूला नव्हतंच. जो जिंकेल त्याच्या तालुक्याला डॉक्टर, नर्स आणि औषधांसह एक फिरता दवाखाना मिळणार होता. तो वाडी-वस्तीवर दारात जाणार.

निघायच्या सकाळी जयराज आजीच्या पाया पडायला गेला. अंबूबाईंच्या उजव्या पायाला साखरेच्या आजारामुळे झालेली जखम होती. पट्टी बदलायला आठवड्यातून तीनदा जीपने पाटणला जावं लागे. घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला त्या कळवळत.

"जिंकून ये बाबा," त्या म्हणाल्या. "दवाखाना दारात आला, तर ह्या पायाचे हाल तरी थांबत्याल."

हे मी त्याच्या खिशातून ऐकलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

तीन दिवस खेळ चालला. शेवटच्या दिवशी शेवटच्या भोकापाशी दोघेच बरोबरीत उरले होते, जयराज आणि धनाजी. दोघांचेही चेंडू दोन-दोन फटक्यांत हिरवळीवर आले. धनाजीचा लांब होता, म्हणून पहिली पाळी त्याची. जयराजने मला ठेवून आपला चेंडू उचलला होता आणि मी नेमका धनाजीच्या वाटेत बसलो होतो.

"दादा, मार्कर जरा डावीकडं घ्या," धनाजी म्हणाला.

यात नवल काही नाही. मार्कर म्हणजे चेंडूच्या जागेची खूण, इथे मीच. तो दुसऱ्याच्या वाटेत आला, तर गोल्फच्या काठीच्या डोक्याएवढा बाजूला सरकवतात आणि आपल्या पाळीला परत जागेवर आणतात. ते विसरू नये म्हणून जयराजची एक सवय होती. सरकवलं की तो मला पालथं घालायचा. सिंह दिसला नाही, कापलेल्या कडीचा खुंट दिसला, की त्याला आठवायचं.

त्याने मला सरकवलं आणि पालथं घालायला बोट लावलं, एवढ्यात सांगलीच्या एका वाहिनीचा कॅमेरावाला बाळासो ओरडला, "आवं साहेब, सिंह वरच राहू द्या की! आजोबांचं बटण हाय, लय भारी दिसतंय. लोकांस्नी कळू दे कुणाचं रक्त हाय ते."

जयराज सुखावला. "घे, नीट घे," असं म्हणून त्याने बोट काढलं आणि कॅमेऱ्याकडे पाहून आजोबांच्या शौर्यावर चार वाक्यंही बोलला. त्यातलं एक, आजोबांनी शत्रूचा डोंगर सर केल्याचं, खोटं होतं. नाथाजींनी तो डोंगर कधी चढलाच नव्हता.

मी सिंह वर करून चकाकत बसलो. आयुष्यात इतका मन लावून कधी चकाकलो नव्हतो.

धनाजीचा पहिला फटका भोकाच्या काठावर थांबला. दुसऱ्याने चेंडू आत गेला. त्याचे एकूण चार फटके झाले. जयराजने पुढचा फटका आत घातला, तर त्याचे तीनच होणार होते आणि एक फटका कमी म्हणून स्पर्धा त्याची होणार होती.

तो माझ्यापाशी बसला. पाठीने लोकांची नजर अडवली आणि चेंडू माझ्यापासून अंगठाभर पुढे ठेवला. सगळं लक्ष त्या अंगठ्यात. काठीच्या डोक्याएवढी जागा परत द्यायची राहिली, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

धनाजीच्या आलं. त्याची नजर माझ्यावर आली, माझ्या मूळ जागेवर गेली आणि परत माझ्यावर आली. प्रतिस्पर्धी असं विसरला, तर फटक्याआधी सांगायचं, हा या खेळाडूंचा रिवाज आहे. धनाजीचे ओठ उघडले. मी मनातल्या मनात ओरडलो, गप्प! त्याला ऐकू गेलं नसणारच. पण त्याने ओठ मिटले आणि टोपी नीट केली.

जयराजने मला उचलून खिशात टाकलं. फटका मारला. टाळ्यांवरून मला कळलं, चेंडू आत गेला.

"मॅडम," टाळ्या थांबायच्या आत धनाजीने पंच शिवांजलींना हाक मारली. "जयराजदादांनी मार्कर परत जागेवर आणला न्हाई."

"कायतरीच काय!" जयराज म्हणाला.

"बाळासो, दाव की गड्या तुजं चित्र."

बाळासोने समोरच्या बाजूने कॅमेरा सुरुवातीपासून फक्त माझ्यावर धरून ठेवला होता. चित्रात मी सरकताना दिसलो, सिंहासकट. परत जाताना कुठेच दिसलो नाही. आणि पडद्याजवळ वाकून शिवांजली हळूच म्हणाल्या, "चेंडूही बराच पुढे ठेवलाय तुम्ही." बाकीचे चौदाही खेळाडू मागे उभे होते. यावेळी कुणीही हसलं नाही.

चुकीच्या जागेवरून खेळल्याचे दोन फटके वाढले. तिनाचे पाच झाले आणि स्पर्धा धनाजीची झाली.

जयराज धनाजीच्या अंगावर धावून गेला. "तुला आधीच दिसलं होतं! मग फटक्याआधी का नाही बोललास?"

"तीन वरसांमागं बोललो व्हतो," धनाजी शांतपणे म्हणाला. "तवा तुमी म्हणाला, मेंढरं राखणाऱ्यानं नियम शिकवू न्हयेत. म्हणून शिकवला न्हाई."

त्या वाक्याने मला जे सुख झालं, ते कोटावर असतानाही झालं नव्हतं. जयराजने मला खिशातून काढलं आणि धनाजीच्या पायाशी फेकलं. "हे घे. आणि गावी माझी आजी पाय धरून बसलीय, तिला तूच जाऊन सांग, दवाखाना का आला नाही ते."

धनाजी मला उचलायला वाकला. त्याच्या तळहातावर आल्यावर कळलं, त्याचीही मूठ ओली होती.

घरी त्याची आई बनाबाई दारातच उभी होती. दवाखाना मिळाल्याचं तिला कळलं होतं, बाकीचंही कुणीतरी सांगितलं होतं.

"ती म्हातारी कोण रं?"

"त्याची आजी. पायाला जखम हाय म्हणं."

"मग फटक्याआदी सांगायचं व्हतंस."

"सांगितलं असतं तर दवाखाना तिकडं गेला असता, आये."

बनाबाईने त्याच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली. मग म्हणाली, "व्हय. गेला असता." आणि आत गेली. हा होकार होता की आणखी काही, ते मला आजवर उलगडलेलं नाही.

धनाजी मला खेळात वापरत नाही. फिरता दवाखाना आटपाडीत आला, त्या दिवशी त्याने मला गाडीच्या काचेखाली चिकटवलं. "ह्ये एका सुभेदाराचं हाय, राहू द्या," एवढंच चालकाला सांगितलं. आता मी वस्ती-वस्तीवर हिंडतो. गाडी थांबली की म्हातारी माणसं काठी टेकत येतात, पाय पुढे करतात, नर्स जुनी पट्टी सोडून नवी बांधते. रोज किती पाय पाहतो. त्यात एक पाय नसतो.

जयराजला पुढे कुणी निमंत्रण दिलं नाही, असं ऐकतो. मला हवं होतं ते सगळं झालं. सुभेदार असते, तर त्यांनी मला शाबासकी दिली असती की कोटावरून उपटलं असतं, हे मी रोज वेगळं ठरवतो.

तुमच्यापैकी कुणी पाटणकडे गेलात, तर अंबूबाईंना भेटा. बटण हरवलं म्हणून सांगा. त्या दिवशी त्याला आनंद झाला होता, हे सांगू नका. तो आनंद अजून ओसरलेला नाही, हे तर मुळीच सांगू नका.