झर्बींचा रविवार

आर्लीन झर्बी बोलायला उभी राहिली, तेव्हा कुणीतरी माईक पुढं केला आणि तिनं तो हातानं बाजूला सारला. लाकडाच्या गिरणीत करवतीवर काम करणाऱ्या बाईला माईक लागत नाही. अग्निशमन दलाचा हॉल भरून वाहत होता. खुर्च्या संपल्यावर माणसं आगीच्या बंबाला टेकून उभी होती. राज्याच्या राजधानीहून, हॅरिसबर्गहून, आलेले तिघं आमदार पुढच्या टेबलाशी बसून ॲपल-पाय खात होते आणि जमेल तितका गंभीर चेहरा ठेवत होते. रविवारी शिकारीला बंदी करणारा पणजोबांच्या काळचा कायदा ठेवायचा की मोडायचा, हे ऐकून घ्यायला ते आले होते.

"मी सोमवार ते शनिवार गिरणीत असते," आर्लीन म्हणाली. "माझी मुलगी जोलीन नर्सिंग शिकते आणि शनिवारी वृद्धाश्रमात कामाला जाते. आम्हा दोघींना मिळून एकच दिवस मोकळा. त्या दिवशी दारूचं दुकान उघडं, फुटबॉल चालू, बाजार चालू. नदीवर गळ टाकला तर चालतो. कोल्हा मारला तर चालतो, कावळा मारला तर चालतो. देवाधर्माचा मान काय तो एकट्या हरणालाच!"

लोक हसले. बंबापाशी उभ्या असलेल्या गिरणीवाल्यांनी टाळ्या पिटल्या.

मग तिसऱ्या रांगेतून एलवूड झर्बी उठले. आर्लीनच्या वडिलांचे थोरले भाऊ. दूधदुभत्याचा धंदा, लुथरन चर्चमध्ये पहिल्या बाकाचा मान आणि डोंगराच्या पायथ्याची सगळी कुरणं त्यांची. हंगामात खोऱ्यातली निम्मी माणसं त्यांच्याच जमिनीवर शिकार करायची. त्यांनी आजवर कुणाला अडवलं नव्हतं आणि कुणाकडून काही घेतलंही नव्हतं.

"पोरगी बोलते झकास," ते म्हणाले. "आता माझं ऐका. हंगामात सहा दिवस मी माझ्याच शेतात नारिंगी टोपी घालून फिरतो. का? तर कुणी मला हरीण समजू नये म्हणून. एका वर्षी कोठाराच्या भिंतीतून गोळी आत आली. माझी फर्न तिथं वासराला दूध पाजत होती. त्यानंतर हंगामात ती फक्त रविवारी घराबाहेर पडायची. आम्ही दोघं वरच्या कुरणापर्यंत चालत जायचो. आता ती नाही. मी एकटा जातो. मला तेवढा एक दिवस राहू द्या. नाही राहू दिलात, तर बाकीचे सहाही विसरा. फाटकाला साखळी घालीन."

आर्लीनला ते लागलं. फर्नकाकूंनी तिला विणायला शिकवलं होतं, तिचा नवरा ओहायोला निघून गेला तेव्हा महिनाभर डबा पाठवला होता. पण मागं हटायची सवय झर्बींच्या घरात कुणालाच नव्हती.

"काका, रविवारी तुम्ही गाई पिळता की नाही?"

"गाईला काय कळतंय आज वार कोणता?"

"आणि हरणाला कळतं?"

"हरीण रविवारी पिळलं नाही तरी त्याची कास फुटत नाही, आर्लीन!"

आता हशा पलीकडच्या बाजूनं उठला. आर्लीनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं आमदारांकडं पाठ फिरवली आणि दाराशी उभ्या असलेल्या डेल रिशेलकडं बोट केलं. डेल त्या भागाचा वॉर्डन, शिकारीचे कायदे पाळायला लावणारा. शाळेत तिच्याच वर्गात होता.

"डेल, नीट ऐकून घे. हंगामातल्या पहिल्या रविवारी मी सरकारी जंगलात, हेमलॉकच्या झाडांच्या कड्याखाली बसणार आहे. भर दिवसा, बंदूक घेऊन. लपणार नाही. ये आणि धर."

"आर्लीन, खाली बस गं," डेल कळवळून म्हणाला.

"बसेन. रविवारी. कड्याखाली."

जोलीननं फोनवर आईला पुष्कळ समजावलं. परवाना जाईल, पेपरात नाव येईल, वगैरे. आर्लीन म्हणाली, "चोरून शिकार करणारे ढीगभर आहेत. मला एकदा उघड्यावर करायचीय. तू येऊ नकोस. नर्सला पोलिसांत नाव नको."

तो रविवार थंडगार, स्वच्छ उजाडला. आर्लीन नारिंगी जाकीट घालून ठरल्या जागी बसली. खालून चर्चच्या घंटा ऐकू आल्या. तिनं थर्मासमधली कॉफी घेतली. डेल अजून आला नव्हता. तो मुद्दाम उशीर करतोय, आपण थंडीला कंटाळून घरी जावं म्हणून टाळतोय, हे तिनं ओळखलं आणि तिला आणखीच राग आला.

तेवढ्यात हरणाचा नर दिसला. शिंगं रुंद, मान जाड. झुडपांतून तिरका चालत येत होता. एरवी आर्लीननं तो मोकळ्यावर येईपर्यंत श्वाससुद्धा सोडला नसता. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात हरीण नव्हतंच. हॉल होता, हशा होता. तिनं घाईनं नेम धरला आणि गोळी झाडली.

नर कोसळला नाही. मागचे पाय ओढत उताराला लागला, दगडी कुंपणावरून कसाबसा पलीकडं गेला आणि एलवूडकाकांच्या वरच्या कुरणात जाऊन पडला.

आर्लीन कुंपणापर्यंत धावली आणि थांबली. पलीकडची जमीन परक्याची असली की विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, हे तिला वडिलांनी चालायला शिकवतानाच शिकवलं होतं. नर उठायला बघत होता, पुन्हा पडत होता. तोंडातून फेस येत होता. आणि कुरणाच्या खालच्या टोकाकडून, चर्चचा काळा कोट अंगात तसाच, एलवूडकाका चालत येत होते.

ते नरापासून थोड्या अंतरावर थांबले. त्याच्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"हे तुझं भाषण का?" ते म्हणाले.

आर्लीनचा चेहरा तापला. "नेम चुकला काका. माझी चूक आहे. मला आत येऊ द्या. त्याला यातनेतून सोडवते."

"बंदूक घेऊन?"

"दुसरं कशानं सोडवू?"

"या कुरणात रविवारी कधी बार झालेला नाही. माझ्या बापाच्या वेळी नाही, माझ्या वेळी नाही."

"ठाऊक आहे मला. तुम्ही नाही म्हणालात तर मी पाय टाकणार नाही. पण त्याच्याकडं बघून नाही म्हणा. माझ्याकडं बघून नको."

नरानं मान उचलली आणि एक घोगरा, माणसासारखा आवाज काढला. म्हाताऱ्याचा जबडा हलला. सगळा जन्म जनावरांत गेलेला माणूस तो. आजारी गाईपाशी रात्र रात्र बसणारा. त्यांनी डोंगराकडं पाहिलं, शिवी हासडली आणि चर्चच्या कोटात शिवी दिली म्हणून स्वतःवरच चिडले.

"ये. आणि या वेळी नीट मार."

आर्लीन कुंपण ओलांडून गेली. या वेळी तिनं घाई केली नाही. बार झाला, नर शांत झाला. तिनं बंदूक रिकामी करून गवतात ठेवली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून गुडघ्यावर बसून राहिली. तिला रडू येत होतं, पण काकांसमोर रडायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं.

डेल रिशेल दुसऱ्या बारानंतर धापा टाकत आला. समोर मेलेला नर, गुडघ्यावर बसलेली आर्लीन आणि काळ्या कोटातले एलवूड पाहून त्याला काही सुधरेना.

"पहिला बार जंगलातून माझा," आर्लीन उठत म्हणाली. "दुसराही माझाच. लिहून घे."

"दुसरा मी सांगितला म्हणून झाला," काका म्हणाले. "माझ्या जमिनीवर, माझ्या शब्दावर. माझंही नाव लिही."

"काकांचं नाव लिहायचं नाही!"

"तू गप्प बस. नाव माझं आहे, कुठं लिहायचं ते मी ठरवीन."

"डेल, गोळी माझी, बंदूक माझी. यांचा काय संबंध?"

"संबंध? मी 'मार' म्हणालो! रविवारी! माझ्या तोंडानं!"

डेलनं टोपी काढून डोकं खाजवलं. "तुम्ही दोघं झर्बी आधी आपसात ठरवा," तो म्हणाला. "गुन्हा कबूल करायला भांडणारी माणसं मी अजून पाहिली नव्हती." शेवटी त्यानं आर्लीनचं नाव घेतलं आणि जखमी जनावराला सोडवायला सांगणं हा गुन्हा नाही असं एलवूडना बजावलं. त्यावर ते रागावले. आपल्याला म्हातारा समजून सोडून दिलं, असं त्यांना वाटलं. हरीण जप्त झालं. नियमाप्रमाणे ते वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गेलं आणि पुढच्या शनिवारी जोलीननंच तिथल्या म्हाताऱ्यांना त्याचं कालवण वाढलं.

कोर्टात न्यायाधीश बाईंनी आर्लीनला वाट काढून दिली. "तुम्ही सहा दिवस काम करता. वार लक्षात राहिला नसेल, असं होऊ शकतं."

"रविवार होता हे मला पक्कं ठाऊक होतं," आर्लीन म्हणाली. "घंटा ऐकू येत होत्या. कायदा चुकीचा आहे, म्हणून मोडला. पण नेम मी घाईनं धरला, ते पाप कायद्याचं नाही, माझं आहे. त्याची जी शिक्षा असेल ती द्या."

दंड झाला आणि पुढचा हंगाम संपेपर्यंत परवाना गेला. बाहेर पायऱ्यांवर एलवूडकाका काठी टेकून उभे होते.

"खोटं बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही तरी कुठं बोलला होता?"

"साखळी मात्र घालणार हं. कायदा बदलला की त्याच दिवशी."

"घाला ना. तुमचं फाटक, तुमची साखळी."

पुढच्या उन्हाळ्यात कायदा खरोखरच मोडीत निघाला. आर्लीनच्या भाषणामुळं नव्हे. हॅरिसबर्गमध्ये तशी शेकडो भाषणं झाली होती. कुणाच्याही जमिनीवर रविवारी शिरायचं तर मालकाची परवानगी हवी, एवढी अट राहिली. एलवूडनी शब्द पाळला. फाटकाला साखळी आली आणि कुंपणभर पाट्या लागल्या. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं लोक आर्लीनबद्दल म्हणायचे, तेच आता काकांबद्दल म्हणू लागले, आणि आवाजात माया नव्हती.

हंगामातल्या पहिल्या मोकळ्या रविवारी आर्लीनला बंदुकीला हात लावता येत नव्हता. तिनं जोलीनला गाडीतून कड्यापर्यंत सोडलं, तिला वर जाताना पाहिलं आणि खाली रस्त्यावर येऊन थांबली. तिथून काकांचं फाटक दिसत होतं. थोड्या वेळानं गिरणीतल्या दोघांचा ट्रक तिथं थांबला. रे आणि त्याचा मेहुणा. हॉलमध्ये तिच्यासाठी टाळ्या पिटणारे हेच. रे साखळीपाशी वाकला, हातात मोठी पक्कड होती.

आर्लीन चालत गेली आणि फाटकाला पाठ लावून उभी राहिली.

"हो बाजूला," रे हसत म्हणाला. "म्हातारा चर्चमध्ये आहे. तीस वर्षं इथं शिकार केली आम्ही."

"त्यांनी करू दिली म्हणून केलीस. आता नाही म्हणतायत."

"अगं, पण तूच ना कायदा मोडलास? तू आमच्या बाजूची ना?"

"कायदा मोडला, तो उघड्यावर मोडला आणि शिक्षा घेतली. तुला साखळी तोडायचीय ती तोड. मी इथंच उभी आहे. डेलला आत्ता फोन लावते आणि तो येईपर्यंत हलत नाही. उद्या गिरणीत सगळ्यांना सांगेन, रेला हरीण मारायला चर्चची वेळ साधावी लागते."

मेहुण्यानं रेच्या बाहीला ओढलं. रेनं पक्कड ट्रकमध्ये फेकली, आर्लीनला दोन नावं ठेवली आणि धुरळा उडवत निघून गेला. ती फाटकाला तशीच टेकून राहिली.

"मला राखणदाराची गरज नाही," मागून आवाज आला. एलवूडकाका कुरणातून आले होते. कधीपासून ऐकत होते कुणास ठाऊक.

"तुमची राखण कोण करतंय? जोलीन वर आहे, तिची वाट बघतेय."

"साखळी काढणार नाही मी. तुझ्यासाठीही नाही."

"मागितली कुणी?"

दोघं फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहिले. मग वर जंगलात एकच बार झाला. त्याचा आवाज खोऱ्यात घुमत खाली आला आणि काकांचे खांदे आखडले. आर्लीननं श्वास धरून ठेवला. दुसरा बार झाला नाही.

"रविवारी झाला," काका म्हणाले, जिभेवर कडू आल्यासारखे.

"हो. रविवारीच झाला," आर्लीन म्हणाली. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून ती मुलीला हरीण ओढायला मदत करायला चढण चढू लागली.