दोन चमचे भुकटी

छकुलीनं आजीचा दंड धरला आणि सोडला. दंडावर पाच इवलीशी बोटं उमटली, निळी. मी ओला हात फिरवून पाहिला. गेली नाहीत.

"पोरीच्या हातात जोर आहे गं," सासूबाई हसल्या. "पैलवान होणार ही."

आठ महिन्यांच्या मुलीच्या हातात एवढा जोर नसतो.

सासूबाई शिवणकाम करतात. खिडकीपाशी मशीन, शेजारी लोकांच्या कपड्यांचा ढीग. काजं मात्र हातानंच. मशीनच्या काजाला त्या भोक म्हणतात. छकुली झाली त्या सुमारास त्यांच्या बोटांचे सांधे सुजले. सुईत दोरासुद्धा मी ओवून द्यायचे. नातीला उचलायला वाकायच्या आणि गुडघा धरून तशाच खाली बसायच्या.

भुकटी मीच आणली. छकुलीला तेल लावायला येणाऱ्या मालिशवाल्या मावशींकडून. "सगळं झाडपाल्याचं," त्या म्हणाल्या. "आठवड्यात सूज पळेल. नैसर्गिक गोष्टीचा अपाय कसला?" डब्यावर नाव नव्हतं. रोज सकाळी दोन चमचे, कोमट पाण्यातून.

चौथ्या दिवशी सासूबाई छकुलीला कडेवर घेऊन जिना चढून आल्या. मला रडूच आलं. तेव्हापासून दुपारी दोन तास त्या तिला सांभाळायच्या आणि मी झोपायचे. किती महिन्यांनी झोपत होते! त्या झोपेपायी मी तीन महिने काही बघितलंच नाही. त्यांचे गाल फुगत गेले, मानेमागे मांस चढलं. जेवण झाल्यावर तासाभरात परत भूक. "आई, तुझे आणि छकुलीचे गाल अगदी सारखे झालेत," नवरा म्हणायचा आणि आम्ही सगळे हसायचो.

ती निळी बोटं बघितली तेव्हा मात्र डबा पिशवीत टाकला आणि छकुलीला घेऊन औषधांचं दुकान गाठलं. दुकानदारानं चिमूटभर भुकटी कागदावर पसरली.

"अशा बिननावाच्या डब्यांत कधी कधी स्टेरॉईड मिसळलेलं असतं. त्यानं नुसतं धरलं तरी असे वळ उठतात. चेहरा गोल झालाय का सासूबाईंचा?"

मी मान हलवली.

"मग आजच डॉक्टरांकडे न्या. हा डबाही घेऊन जा."

नेलं नाही. डॉक्टरांकडे गेलो की आणलं कोणी ते निघणार. शिवाय सासूबाईंनी डबा सोडला नसता. बोटं मोकळी झाली होती त्यांची. मला वाटलं, विष पोटात जायचं थांबलं की झालं. भुकटी मोरीत ओतली, डबा घासला आणि तेवढीच हळद नि सुंठ मिसळून भरली. रंग हुबेहूब जमला. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी छकुलीचा पापा घेतला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई अर्धं काज टाकून आडव्या झाल्या. तिसऱ्या दिवशी पेजही उलटून पडली. "सांधे परत धरलेत गं, बाकी काही नाही," म्हणाल्या आणि उठून दोन चमचे घेतले. मी पाणी कोमट करून दिलं. चौथ्या दिवशी सकाळी मशीनपाशीच कोसळल्या. अंग गार, घामानं चिंब.

दवाखान्यात डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?"

"काही नाही. सांधेदुखीची एक भुकटी घेते. नैसर्गिक आहे. आजही घेतली."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं आणि ते वळले. छकुली माझ्या खांद्यावर पेंगत होती. एक शब्द बोलले नसते तर मी शहाणी सूनच राहिले असते.

"आज नाही घेतली," मी म्हणाले. "चार दिवसांपासून नुसती हळद-सुंठ आहे. मी बदलली. आधीच्या भुकटीत स्टेरॉईड असेल, असं दुकानदार म्हणाला होता."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. डॉक्टर मात्र थांबले नाहीत. नर्सला इंजेक्शन आणायला पिटाळत म्हणाले, "एकदम तोडायचं नसतं हो ते! शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवायचं विसरलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी डोळे उघडले. अजून काही सांगता येत नाही, असं डॉक्टर सकाळीच बजावून गेले होते. छकुलीला कडेवर घेऊन मी पलंगाशी वाकले.

"हळद होती ना गं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पहिल्याच घोटाला. जन्म गेला स्वयंपाकात."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"म्हटलं, तू दिलंयस. विचार करूनच दिलं असशील."

छकुलीनं झेप घेऊन आजीच्या दंडाकडे हात नेला. मी तो मधेच धरला आणि आजीपासून दूर, तसाच घट्ट धरून ठेवला.