कोट घालून ये!

व्हर्नेल टिब्सला आताशा त्या दारात उभं राहायचा मनापासून कंटाळा आला होता. वीस वर्षं तो डेट्रॉइटच्या बास्केटबॉल संघाचं सामान सांभाळत होता. पण यंदा वरच्या साहेबांनी नवंच काम गळ्यात मारलं. सामन्याला येणाऱ्या खेळाडूंचे कपडे तपासायचे. ढगळ जीन्स नको, जाड साखळी नको, डोक्याला फडकं नको. कोट नसेल तर नाव लिहून परत पाठवायचं.

"प्रेक्षकांना रस्त्यावरची टोळी बघायची नाहीये," साहेब म्हणाले होते. व्हर्नेलने यादीची वही हातात घेतली. साठीला टेकल्यावर भांडायचं त्राण राहत नाही.

२००६च्या जानेवारीतल्या एका दुपारी कीऑन बोल्डन आला. संघाचा सगळ्यात लाडका खेळाडू. गुडघ्यापर्यंत लोंबणारा पांढरा टी-शर्ट, त्यावर एका हसऱ्या तरुणाचा फोटो, खाली दोन तारखा.

"कोट कुठंय?"

"काका, आजच्या दिवस जाऊ द्या. मार्कीसला पुरून सरळ इकडे आलोय."

"नियम आहे बाबा. गाडीत असेल तर घालून ये."

"म्हणजे याला झाकू?" कीऑनने फोटोवर हात ठेवला. "कोट घातला की मी सभ्य, काढला की गुंड! तुम्ही तरी असं म्हणू नका हो."

तो बर्फ तुडवत गाडीकडे गेला. व्हर्नेलने यादीत त्याचं नाव लिहिलं.

दाराशेजारच्या खोलीत ओडेसाबाई गणवेशाला टाके घालत होत्या. व्हर्नेलची जुनी शेजारीण. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"लिहिलंस नाव?"

"नोकरी आहे, ताई."

"खालच्या दुकानात जाऊन ये जरा. भिंतीवर कीऑनचा केवढा फोटो टांगलाय बघ! ढगळ स्वेटर, साखळी, तिरकी टोपी. तेच कपडे आपला संघ विकतो. उपनगरातल्या श्रीमंत गोऱ्या पोरांनी घातले की फॅशन, आणि ज्यांच्या गल्लीतून आले त्यांनी घातले की टोळी?"

"मी एकटा काय करणार?"

"एकाहत्तर सालीही हेच म्हणाला होतास. तेव्हा तू स्वतः खेळायचास. प्रशिक्षक म्हणाला, वाढवलेले केस काप, नाहीतर बाकावर बस. माझ्याच भावाच्या दुकानात कापलेस. मग महिनाभर डोक्यावरची टोपी काढली नाहीस. विसरलास?"

व्हर्नेल विसरला नव्हता. फक्त आठवायचं टाळत होता. अरे देवा! तेव्हा जे आपल्याला सोसलं नाही, तेच आज आपण या पोराला करतोय!

तो बाहेर गेला. कीऑन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

"चल आत. असाच."

"आणि साहेब?"

"त्यांचं मी बघतो." व्हर्नेल शेजारी बसला. "हा मार्कीस कोण रे?"

"मला चेंडू धरायला शिकवलं त्यानं," कीऑन म्हणाला, आणि ढसाढसा रडला.

त्या संध्याकाळी व्हर्नेलने यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली. "दारात दुसरा कुणी उभा करा."

नियम बदलला नाही. दारात दुसरा माणूस आला, व्हर्नेलची रवानगी धुलाईखान्यात झाली. तो थकलेलाच होता, पण आता खेळाडूंच्या नजरेला नजर देत होता.

मंडळी, शिस्त हवीच. पण शिस्तीच्या नावाखाली आपण एखाद्याला त्याची गल्ली, त्याचं दुःख, त्याची माणसं बाहेर ठेवून यायला सांगतो, तेव्हा ती शिस्त नसते, अपमान असतो. कुणाचा पोशाख डोळ्यांना खुपला, तर त्याला हाकलण्याआधी एवढंच विचारावं: हे तू का घातलंस? व्हर्नेलला हा प्रश्न सुचायला पस्तीस वर्षं लागली. आपल्याला इतका उशीर होऊ नये!